पांच डाव, पस्तीस धांवा

एखाद्या परक्या खेळाडूचा पाय घसरला तर आपण घटकाभर हळहळतों आणि पानावर जाऊन बसतों. परंतु आपल्या गांवच्या पोराचा पाय घसरला कीं जेवण गोड लागत नाहीं, आणि त्याचें खापर त्याच पोराच्या डोक्यावर फोडल्यावांचून आपलें समाधान होत नाहीं. सन २०२२ च्या चैत्रांत आमच्या चिंचवडच्या घरीं असेंच घडलें. त्यांत आमची शोभा कांहीं वाढलेली नाहीं, तरी सांगतों.

ऋतुराज गायकवाड हा आमच्या पिंपरी-चिंचवडचा. थेरगांवच्या वेंगसरकर अकादमीच्या मैदानावर त्याचा खेळ घडला. २०२१ सालीं आय. पी. एल. स्पर्धेंत चेन्नईच्या संघाकडून त्यानें ६३५ धांवा काढल्या. स्पर्धेंतील सर्वांत अधिक धांवा त्याच्याच ठरल्या आणि संघहि अजिंक्य झाला. तेव्हांपासून आमच्या तोंडीं ‘आमचा ऋतुराज’ असेंच येऊं लागलें. त्याच्या घडणींत आमचा वांटा कवडीचाहि नव्हता; पण अभिमानाला असले हिशेब कधीं लागतात?

पुढल्या वर्षासाठीं संघानें त्याला ६ कोटी रुपयांस राखून ठेविलें. स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यांत स्वारी शून्यावर परतली. दुसऱ्यांत एक धांव. पाडव्याची गुढी उतरवून एक दिवस लोटला नाहीं तों पुन्हां एक. मग सोळा, मग सतरा. पांच डावांत मिळून पस्तीस! ऋतुराज म्हणजे वसंत, आणि ऐन वसंतांत याचीच पानें झडलीं, असा विनोद आम्हीं केला. घरांत कोणी हंसलें नाहीं.

आमचे वडील बंधु अण्णा बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं कागदावर भागाकार करून एका धांवेला सतरा लाख रुपये पडल्याचें जाहीर केलें. स्पर्धा अजून अर्धीहि झालेली नव्हती, ही गोष्ट त्या भागाकारांत कोठेंच आली नाहीं! पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. दुसरी पाळी संपवून कंपनीच्या बसनें निघाला कीं बीडचे, लातूरचे, बिहारचे सोबती त्याला विचारीत, “तुमच्या गांवच्या पोराला झालें तरी काय?” जणूं चौकशीची खिडकी यानेंच उघडली होती. रात्रीं बूट काढतां काढतां तो एवढेंच म्हणे, “काका, आज पुन्हां!”

पांचव्या डावाच्या रात्रीं, म्हणजे १२ एप्रिलला, आमचा तोल गेला. “याला बाहेर बसवा! उगाच जागा अडवून बसला आहे,” असें आम्ही दूरदर्शन-संचासमोर ओरडलों. नातू शेजारीं बसला होता.

दोन दिवसांनीं तो सरावाला गेला नाहीं. सूनबाईनें बॅट शोधली, ती पलंगाखालीं सांपडली. आम्हीं कारण विचारलें. अकरा वर्षांचें पोर खालीं बघत म्हणालें, “आजोबा, मी पण दोन मॅचमध्ये शून्यावर गेलो. उगाच जागा कशाला अडवायची?”

जन्मभर मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला आपलेंच वाक्य असें परत मिळावें, याहून मोठी शिक्षा नाहीं. त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. सकाळीं उठून ते पांच डाव आम्हीं पुन्हां पाहिले, या वेळीं धांवांचा आंकडा झांकून. दुसऱ्या डावांत तो धांवचीत झाला होता. बिश्नोईची फेंक थेट यष्ट्यांवर लागली. सलामीला येणाऱ्यास नवा चेंडू खेळावा लागतो, तो हवेंत वळतो, आणि चूक एकदांच करण्याची मुभा असते. सुताराचा रंधा वांकडा गेला तर तो तीच फळी पुन्हां तासतो. फलंदाजाला पुढल्या सामन्यापर्यंत तंबूंत बसावें लागतें. म्हणजे हात बसण्यासाठीं ज्याला सर्वांत अधिक चेंडू हवेत, त्यालाच सर्वांत थोडे मिळतात.

शिवाय जुने आंकडे काढले तेव्हां आम्ही अधिकच ओशाळलों. २०२० सालीं करोनांतून उठून अमिरातींत खेळतांना त्याचे पहिले तीन डाव शून्य, पांच, शून्य असे होते. आणि पुढले तीन ६५, ७२ व ६२. ज्या २०२१ च्या पराक्रमानें आम्ही फुगलों, त्याचाहि आरंभ पांच, पांच आणि दहा असाच. हें सारें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें आणि साफ विसरलों होतों!

नातवाला मात्र आम्हीं दुसरीच गोष्ट सांगितली. ज्या वेंगसरकरांचें नांव त्या अकादमीला आहे, ते १९७९ सालीं लॉर्ड्सवर पहिल्या डावांत शून्यावर बाद झाले आणि त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावांत त्यांनीं १०३ धांवा केल्या. “आणि दोन डावांच्या मध्ये त्यांना कोण ओरडलं?” असें त्यानें विचारलें. आम्हीं विषय बदलला.

१७ एप्रिलला गहुंज्याच्या मैदानावर ऋतुराजनें ७३ धांवा केल्या. घरांत पेढे आले, जरी सामना चेन्नईनें गमावला होता. चारच दिवसांनीं मुंबईविरुद्ध पुन्हां शून्य! अण्णांनीं कागद पुढें ओढला. आमच्या ओठांवर जुनें वाक्य आलेंच होतें. नातवाकडे लक्ष गेलें म्हणून तें गिळलें. राग गेला होता, असें मात्र म्हणवत नाहीं.

१ मे रोजीं कामगारदिनामुळें पुतण्याला सुट्टी होती. त्यानें तिकिटें काढलीं आणि आम्ही तिघे गहुंज्याला गेलों. कॉनवेबरोबर त्यानें १८२ धांवांची सलामी दिली. ५७ चेंडूंत ९९ धांवा झाल्या, आणि एका धांवेसाठीं सारें मैदान श्वास रोखून बसलें असतां नटराजनच्या चेंडूवर भुवनेश्वरनें झेल घेतला. लोक हाय हाय करूं लागले. शेजारचा एक गृहस्थ रागानें म्हणाला, “एक रन काढता येईना?” नातवानें त्याच्याकडे वळून पाहिलें, मग आमच्याकडे. आम्ही टाळ्या वाजवीत होतों.

पुढल्या रविवारीं नातू बॅट घेऊन सामन्याला गेला. दुपारीं घरीं आला, हातपाय धुतले आणि ताटावर बसला. किती धांवा केल्या, हें आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या भाकरीला त्यानें आपण होऊन सांगितलें, “सात.”