उन्हाळ्यातील टर्बो आणि इंटरकूलरचा हिशेब

वैशाखात सोलापूर जिल्ह्याचे ऊन चाळीस अंशांची मर्यादा ओलांडते आणि सुट्टीच्या निमित्ताने स्वामी समर्थांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची रीघ अक्कलकोटला वटवृक्ष मंदिरापासून अन्नछत्रापर्यंत लागते, तेव्हा त्या भाविकांना घेऊन येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची खरी परीक्षा सुरू होते. पहाटे सात माणसे आणि टपावरचे सामान घेऊन जी गाडी निमूटपणे ओढते, तीच दुपारी गाणगापूरच्या वाटेवर पिकअप सोडते, चढावर खालचा गिअर मागते आणि मागे काळा धूर ठेवून जाते. यावर मोठा इंटरकूलर बसविण्याचा सल्ला सहज दिला जातो. परंतु गाडी हेच ज्याचे उत्पन्नाचे साधन आणि तिच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या माथी, अशा मनुष्याने त्या सल्ल्यावर पैसा घालण्यापूर्वी त्यामागील शास्त्र व हिशेब ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

आल्फ्रेड ब्यूखी या स्वित्झर्लंडच्या अभियंत्याने १९०५ साली टर्बोच्या ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती मुळात काटकसरीची कल्पना होती. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी आणि अशा रीतीने लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम घ्यावे, असा तिचा आशय. पण हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड हाताला चटके देते, ते याच नियमाने. बाहेर ४२ अंश तापमान असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोची नेहमीची कार्यक्षमता जमेस धरता ती हवा सुमारे १४० अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाब वाढवून जो प्राणवायू मिळवायचा त्यातील मोठा हिस्सा उष्णतेनेच हिरावून घेतला. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये रेडिएटरसारखी एक जाळी बसवून ही हवा पुन्हा निववावी, एवढेच इंटरकूलरचे कार्य. टाटांच्या मालमोटारींच्या इंजिनांवर टी.सी.आय.सी. अशी जी अक्षरे आढळतात, त्यांतील शेवटची दोन याच जाळीची आहेत.

बऱ्यापैकी इंटरकूलर बाहेरची हवा आणि तापलेली हवा यांच्यातील फरकापैकी सुमारे ७० टक्के भाग काढून टाकतो. वरच्या उदाहरणात हवा १४० वरून ७२ अंशांच्या आसपास उतरते आणि तेवढ्यानेच सिलिंडरात जाणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी वाढते. आता कोणी महागडी जाळी आणून हे प्रमाण ८० टक्क्यांवर नेले, तर हवा ६२ अंशांपर्यंत येईल, पण घनतेत पडणारी भर केवळ तीन टक्क्यांची राहील. उलट मूळ जाळीत धूळ, किडे, उसाचे पाचट आणि चिखल बसून तिची शक्ती ५० टक्क्यांवर घसरली असेल, तर पाच-सहा टक्के हवा आजच गमावली जात आहे. ज्याच्या गाडीला इंटरकूलर आहे, त्याच्यासाठी सर्वात स्वस्त सुधारणा पाण्याची, म्हणजे जाळी धुण्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि वाट बंद होते. हलक्या धारेने, मागून पुढे, सावकाश धुवावे.

धुण्याच्या जोडीला गळती शोधावी. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज उष्णतेने आणि तेलाने फुगतात, त्यांचे क्लॅम्प सैल पडतात, आणि दाबलेली हवा भार पडताच फुस्स असा आवाज करीत बाहेर निसटते. नळीची तोंडे बंद करून आत बेताचा दाब भरावा व सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडा दिसला की चोर सापडला. काळ्या धुराची पुष्कळ प्रकरणे इथेच निकालात निघतात, आणि खर्च फार तर एका होजचा व दोन क्लॅम्पचा येतो.

याहून निराळा विचार त्या गाड्यांचा करावा लागतो, ज्यांना इंटरकूलर मुळातच नव्हता. आणि या वाटेवरील लाडकी इनोव्हा त्यांतच मोडते. २००५ साली भारतात आलेल्या आणि २०१६ मध्ये क्रिस्टाला जागा करून देणाऱ्या त्या इनोव्हाचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन टर्बोचे होते, १०२ अश्वशक्तीचे होते, पण कारखान्याने त्यास इंटरकूलर दिलेला नव्हता. अशा गाडीस साधी जाळी बसविली तरी लाभ खरोखर जाणवण्याजोगा असतो, कारण इथे तीन टक्क्यांची नव्हे, तर शून्यापासूनची वाटचाल आहे. तथापि अपेक्षा नेमकी हवी. डिझेलच्या इंजिनात शक्ती ठरते ती फवारल्या जाणाऱ्या इंधनाने; हवा वाढली म्हणून इंजिनाचा संगणक आपणहून भरमसाट इंधन सोडीत नाही. धूर कमी होणे, भाराखाली इंजिनाची धग उतरणे आणि दुपारच्या चढावर दम टिकणे, हे त्याचे खरे फळ. पेट्रोलच्या टर्बो गाडीत मात्र तापलेल्या हवेने इंजिन ठोकू लागते व संगणक ठिणगी मागे ओढून शक्ती कापतो, म्हणून तिथे थंड हवेचे मोल अधिक.

जाळी निवडताना आकाराचा मोह आवरावा. जाडजूड जाळी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यापुढे उभी केली की तिने सोडलेली ऊब त्या दोघांच्या वाट्याला जाते, आणि ऐन वैशाखात ए.सी. मंदावून इंजिन तापू लागते. बंपरच्या आड, वाऱ्याच्या मार्गात, पण रेडिएटरची वाट न अडवील अशी मध्यम जाळी या हवेत श्रेयस्कर. दुसरे असे की अरुंद किंवा निकृष्ट जाळीतून जाताना दाबाचीच हानी होते. दुप्पट दाबापैकी एक दशांश बार जरी वाटेत हरवला तरी पाच टक्के हवा गेली, आणि उत्तम शीतलतेने कमावलेले तीन टक्के त्यात बुडाले. सळईदार, बार-प्लेट घडणीची जाळी मजबूत असते व उष्णता अधिक काळ शोषते, पण जड असते. नळ्या-पात्यांची हलकी जाळी लवकर थंड होते, आणि सतत चालणाऱ्या प्रवासी गाडीस तीच पुरेशी. नळ्यांची लांबी जितकी कमी, तितका टर्बोचा प्रतिसाद त्वरित.

भंगारबाजारातील वापरलेली जाळी ही परवडणारी वाट खरी, परंतु तिची झडती घेतल्यावाचून ती बसवू नये. आधीच्या गाडीचा टर्बो फुटलेला असेल, तर जाळीत तेल साचलेले असते आणि धातूचे कण अडकलेले असतात. ते कण इंजिनात उतरले तर नाश ठरलेला, आणि साचलेले तेल एकदम ओढले गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर, चावी काढली तरी, बेफाम धावत सुटू शकते. नुसता तेलाचा पातळ थर सर्वच जुन्या जाळ्यांत असतो, त्याचे भय नाही. वाहणारे तेल आणि चकाकणारा चुरा दिसला की दर कितीही उतरवून मिळाला तरी माल परत करावा.

कायद्याची बाजूही दुर्लक्षू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या विनिर्देशाहून भिन्न ठरेल असा बदल मना आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच दंडक अधोरेखित केला. इंटरकूलरचा उल्लेख त्या प्रमाणपत्रात नसतो. पण बॉनेट कापून त्यावर हवेचे तोंड बसविणे किंवा जाळीबरोबर चिप घालून इंजिनाची शक्ती वाढविणे, ही प्रकरणे वेगळी आहेत, आणि परवान्यावर धावणाऱ्या गाडीच्या मालकाने त्या वाटेस न जाणेच इष्ट. विमा कंपनीस बदलाची लेखी सूचना देऊन तिची पोच दप्तरी ठेवावी.

काम झाल्यावर मिस्त्रीच्या शब्दावर किंवा स्वतःच्या हर्षावर निकाल सोपवू नये. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत तारेचा साधा तापमापक बसवून, काम करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, अक्कलकोट ते सोलापूर हे सुमारे चाळीस किलोमीटर त्याच दुपारच्या प्रहरी, तेवढीच माणसे घेऊन, ए.सी. चालू ठेवून जावे आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत टिपावेत; हवेचा आकडा उतरला पण त्याच वेळी इंजिनाच्या पाण्याचा काटा वर सरकला, तर जाळीची जागा चुकली असे समजून ती हलवून घ्यावी.