गोड्या पाण्यातली वंशावळ (भाग ६) : लवकर वाढणं आणि मोठं होणं

मागच्या भागात आपण पाहिलं की मासा जिवंत असेपर्यंत थोडाथोडा वाढतच राहतो. वयानुसार मंदावतो तो वेग. म्हणून त्याच्या वाढीबद्दल बोलताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. तो किती झपाट्याने वाढतो ही एक, आणि शेवटी केवढा होतो ही दुसरी. संकरित माशांचं जे कौतुक कानावर येतं, त्यात या दोहोंची हमखास गल्लत झालेली असते. ती सोडवायला अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्याइतकी चांगली जागा नाही.

स्ट्राइप्ड बास हा तिथल्या किनाऱ्यावरचा, अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला दांडगा मासा. राहायचं समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढायचं, असा त्याचा शिरस्ता. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी आणि कूपर नद्यांवरच्या प्रकल्पातून मॅरियन आणि मूल्ट्री हे दोन मोठे जलाशय उभे राहिले, आणि काही स्ट्राइप्ड बास धरणाच्या वरच्या अंगाला अडकले. ते मरतील अशी अपेक्षा होती. ते तर जगलेच, शिवाय वरच्या नद्यांमध्ये अंडी घालून त्यांनी आपली वस्तीही वाढवली. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना धरणातच समुद्रातला मासा मिळू लागला, आणि तो आपल्याही जलाशयात हवा, असं इतर राज्यांना वाटू लागलं.

पण त्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. ती फुटायला सुमारे दोन दिवस लागतात; तेवढी लांब वाहती नदी वर नसेल तर अंडी तळाशी बसून गुदमरतात. म्हणजे बहुतेक जलाशयांत बीज बाहेरूनच सोडावं लागणार. दक्षिण कॅरोलिनातल्या मत्स्यबीज केंद्रांत काम करणाऱ्या रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी १९६०च्या दशकात संप्रेरकाची सुई देऊन पकडलेल्या मादीकडून अंडी मिळवण्याची पद्धत बसवली. यात हात चालवावा लागतो, कारण पिकून मोकळी झालेली अंडी तासाभरात फुकट जातात.

याच केंद्रांतून १९६५च्या सुमारास संकराचा प्रयोग झाला. मादी स्ट्राइप्ड बास, नर व्हाइट बास. व्हाइट बास हा मूळचा गोड्या पाण्यातला चुलत भाऊ: छोटा, आयुष्य थोडं, पण उथळ, कोमट तलावात मजेत राहणारा. त्याची जोड का हवी होती, हे समजायला दक्षिणेतला उन्हाळा पाहावा लागतो. जलाशयाचं वरचं पाणी तापतं. खालच्या गार पाण्यातला प्राणवायू संपत येतो. मोठ्या स्ट्राइप्ड बासला गारवाही हवा आणि प्राणवायूही. तो मधल्या अरुंद थरात कोंडला जातो, खाणं सोडतो, वाळतो आणि कधी मरतोही. संकरित मासा हे ऊन जास्त सोसतो. इतर मासे थंडावतात तेव्हाही तो शॅड माशांच्या थव्यांवर तुटून पडत असतो.

आता वाढ. पहिली दोन वर्षं हा संकर दोन्ही आईबापांना मागे टाकतो. शेतीतल्या तळ्यात दीड-दोन वर्षांत तो साधारण पाऊण किलोचा, बाजारात नेण्याजोगा होतो. पुढे मात्र स्ट्राइप्ड बास त्याला गाठतो आणि बघता बघता ओलांडतो, कारण तो वीस-तीस वर्षंही जगू शकतो. संकराचं आयुष्य बहुधा पाच-सहा वर्षांचं. गळाने पकडलेल्या माशांचे जागतिक विक्रम हेच सांगतात. व्हाइट बास जेमतेम ३.१ किलो. संकर १२.४ किलो, आर्कान्सातल्या ग्रीअर्स फेरी तलावात, १९९७ साली. आणि स्ट्राइप्ड बास ३७.१ किलो, २०११ साली, कनेक्टिकटच्या समुद्रात. गोड्या पाण्यात अडकलेल्या स्ट्राइप्ड बासनेही अलाबामात ३१ किलोंच्या वर मजल मारली आहे.

उत्तरेकडच्या टायगर मस्कीची कथा अशीच. मस्कलंज आणि नॉर्दर्न पाइक या दोन शिकारी माशांचा हा संकर निसर्गातही होतो, त्याचा २३.२ किलोंचा विक्रम १९१९ सालचा आहे. तो पिल्लूपणी मस्कलंजपेक्षा जोरात वाढतो आणि टाकीत कोरडं खाद्यही पत्करतो. पण मस्कलंजचा विक्रम ३०.६ किलोंचा आहे.

टायगर मस्कीला सहसा पिल्लं होत नाहीत. किती सोडायचे ते ठरवता येतं. नको झाले तर सोडणं थांबवायचं. बासच्या संकराचं तसं नाही. तो प्रजननक्षम आहे, व्हाइट बासशी त्याचा उलट संकर झाल्याचं आढळलं आहे, आणि सांडव्यातून तो खालच्या नदीत उतरतो. माझ्या मते त्याच्या वाढीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हा धोका त्याच दमात सांगायला हवा. संकरित ज्वारीचं बी शेतकरी दरवर्षी नवं घेतो, कारण पुढच्या पिढीत जोम विस्कटतो. माशांतही तसंच होतं, पण नदीत उतरलेली पिढी कुणी परत घेऊ शकत नाही. तिचे विस्कटलेले गुण मूळ जातीत मिसळत राहतात.

आपल्याकडे हा प्रश्न बासचा नाही, पण प्रश्न आहेच. कटला आणि रोहू एकाच हौदात प्रजननाला ठेवले की त्यांचा संकर सहज होतो, आणि बोटुकली हातात आल्यावर तो ओळखणं कठीण असतं. तेव्हा शेततळ्यासाठी किंवा गावतलावासाठी ‘झपाट्याने वाढणारं’ बीज घेताना किती महिन्यांत किती किलो एवढ्यावर थांबू नका. नर कुठला, मादी कुठली, पिल्लं पुढे अंडी घालतील का, आणि पावसाळ्यात तळं भरून वाहिलं तर पाणी कुठल्या ओढ्याला मिळतं, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते बीज घेऊ नका.