लाखात एखाद्याला होणारा आजार

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एक निवृत्त शिक्षिका शौचाच्या वेळी रक्त पडते म्हणून माझ्याकडे आल्या. वय 68, मूळव्याधीचा त्रास पूर्वीपासूनचा. बाईंना तपासणीचा संकोच वाटत होता आणि बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी मलम आणि सौम्य रेचक लिहून दिले. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हाही तेच केले. तिसऱ्या खेपेस मात्र दुखणे वाढलेले पाहून बोटाने तपासणी केली आणि गुदमार्गात एक टणक गाठ हाताला लागली. बायोप्सीचा अहवाल आला : गुदमार्गाचा कर्करोग.

अहवाल घेऊन आलेल्या मुलाने दोन प्रश्न विचारले. ‘‘डॉक्टर, हा आजार लाखात एखाद्याला होतो म्हणे. मग आमच्याच आईला कसा?’’ आणि थोडे थांबून, आवाज खाली आणून, ‘‘आता किती दिवस धरायचे?’’

पचनसंस्थेच्या दुर्मीळ कर्करोगाचे निदान झालेल्या प्रत्येक घरात हे दोन प्रश्न उमटतात. त्यांची उत्तरे शांतपणे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

दुर्मीळ कशाला म्हणावे?

युरोपातील प्रचलित व्याख्येनुसार, वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग दुर्मीळ मानला जातो. गुदमार्ग, लहान आतडे व आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स यांचे कर्करोग, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून होणारे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि जठर-आतड्याच्या भित्तीत वाढणारी ‘जिस्ट’ नावाची गाठ ही त्याची उदाहरणे. लहान आतड्याने पचनमार्गाची जवळजवळ तीन-चतुर्थांश लांबी व्यापलेली असते. तरीही पचनसंस्थेच्या शंभर कर्करोगांपैकी तीनच्या आसपास तिथले असतात. जिस्टचे नवे रुग्ण वर्षाला दहा लाखांमागे 10 ते 15.

एकेकटे पाहिले तर हे आकडे नगण्य वाटतात. परंतु शरीरातील सर्व दुर्मीळ कर्करोग एकत्र मोजले, तर युरोपात एकूण कर्करुग्णांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक रुग्ण त्यांत मोडतात. ‘आमच्याच घरी कसे?’ असे विचारणारी कुटुंबे म्हणूनच थोडीथोडकी नाहीत.

शिवाय ‘दुर्मीळ’ हा शब्द स्थळानुसार बदलतो. पित्ताशयाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांत क्वचित आढळतो. आपल्या देशात मात्र गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये, तो दक्षिणेच्या तुलनेत अनेक पटींनी अधिक आहे. हे कळते ते कर्करोग नोंदणीमुळे. भारतातील पहिली अशी नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली आणि ग्रामीण भागातील पहिली 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. अशा केंद्रांत एकेका रुग्णाची नोंद होते, तेव्हा कुठे ‘लाखात किती’ हे सांगता येते.

मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आकडे समूहाचे असतात. ते कोणाला सोडतील आणि कोणाला गाठतील, हे त्यांतून कळत नाही. रुग्णाची काही चूक झाली असेल, असा अर्थ तर मुळीच काढू नये. गुदमार्गाचा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूशी निगडित असतो, हे खरे. पण हा विषाणू इतका सर्वत्र आहे, की बहुतेक प्रौढांचा आयुष्यात केव्हातरी त्याच्याशी संबंध येतोच. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

टक्केवारीचा अर्थ

आता दुसरा प्रश्न. ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 60 टक्के’ याचा अर्थ रुग्ण पाच वर्षांनी दगावतो असा नव्हे. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातील साठ जण हयात होते, एवढेच ते सांगते; आणि तेही काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या, त्या काळचे उपचार मिळालेल्या रुग्णांविषयी.

युरोपातील एका मोठ्या अभ्यासात सर्व दुर्मीळ कर्करोगांसाठी हे प्रमाण 47 टक्के, तर नेहमीच्या कर्करोगांसाठी 65 टक्के आढळले. या तफावतीस अनेक कारणे आहेत. निदान उशिरा होते, कारण लक्षणे साध्या आजारासारखी असतात आणि डॉक्टरांच्या मनातही आधी साधाच आजार येतो. बाईंच्या बाबतीत माझे तेच झाले. त्यातच एकेका केंद्राकडे असे रुग्ण थोडे असल्याने अनुभव व संशोधन दोन्ही तोकडे पडतात.

परंतु सरासरीच्या पोटात मोठे फरक दडलेले असतात. अमेरिकेतील आकड्यांनुसार, पित्ताशयाचा कर्करोग पित्ताशयापुरता मर्यादित असताना सापडल्यास सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण पाच वर्षे पार करतात; दूरच्या अवयवांत पसरल्यावर शंभरात जेमतेम तीन. गुदमार्गाच्या कर्करोगात रोग जागच्या जागी असेल, तर पाचांपैकी चारांहून अधिक. म्हणजे टप्पा कळल्याशिवाय ‘किती दिवस’ या प्रश्नाला अर्थच येत नाही.

प्रकाराचे नेमके नावही तितकेच निर्णायक ठरते. 2018 साली अभिनेते इरफान खान यांच्यामुळे ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडात याच जातीची गाठ 2003 मध्ये आढळली आणि ते 2011 पर्यंत जगले. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात इतका अवधी फार थोड्यांना लाभतो.

उपचारांनीही चित्र पालटते. पसरलेल्या जिस्टचे रुग्ण पूर्वी बहुधा वर्ष-दीड वर्षच जगत. 2000 साली हेलसिंकी येथे एका रुग्णास प्रथमच इमॅटिनिबच्या गोळ्या देण्यात आल्या आणि गाठी आक्रसल्या. आज अशा रुग्णांपैकी अनेक जण पाच वर्षांहून अधिक काळ हिंडते-फिरते असतात. 1 एप्रिल 2013 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एकस्वाचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त इमॅटिनिब उपलब्ध राहिली.

कुटुंबाने काय करावे?

पन्नाशीनंतर शौचातून रक्त पडल्यास ‘जुनी मूळव्याध’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांनी तपासले नाही, तर ‘एकदा तपासा’ असे स्वतः म्हणावे. कारण नसताना घटणारे वजन, काळसर शौच, न भरून येणारा रक्तक्षय आणि कावीळ यांचेही कारण शोधावे.

शस्त्रक्रियेत काढलेले पित्ताशय किंवा अपेंडिक्स प्रयोगशाळेत तपासणीस गेलेच पाहिजे आणि तो अहवाल मागून घेतलाच पाहिजे. पित्तखडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण क्वचित तो त्या तपासणीतच प्रथम उघड होतो. रोग अगदी आतल्या थरापुरता असेल, तर झालेली शस्त्रक्रियाच बहुधा पुरते. खोलवर असेल, तर दुसरी मोठी शस्त्रक्रिया वेळेत करता येते.

निदान दुर्मीळ असेल, तर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातील तुकडे म्हणजे ब्लॉक जपून ठेवावेत आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या अनुभवी केंद्रात ते पुन्हा तपासून घ्यावेत. पहिला मोठा उपचार सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रकार नेमका कोणता, पेशी किती वेगाने वाढत आहेत आणि टप्पा कोणता. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आणि रुग्णापासून निदान लपवू नये. ज्यांनी संसार चालवला, त्यांना घरातली कुजबुज कळत असते.

त्या दिवशी मी मुलाला म्हणालो, ‘‘दिवस मोजण्याआधी टप्पा कळू द्या.’’ उशीर माझ्याकडून झाला, हेही त्याला सांगितले. सुदैवाने गाठ पसरलेली नव्हती. पूर्वी या आजारात गुदद्वार काढून पोटावर कायमचा शौचमार्ग करावा लागे. 1974 साली अमेरिकेतील शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देण्याची पद्धत मांडली आणि बहुतेकांची त्या शस्त्रक्रियेतून सुटका झाली. बाईंनाही हेच उपचार मिळाले. ते आठवडे फार कठीण गेले. त्वचा सोलवटली, बसणेही नकोसे झाले. सर्वांनाच असे यश येत नाही, हेही मी पाहिले आहे.

बाई आज 76 वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. निघताना बाहेरच्या गर्दीकडे पाहून म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आता घाईत कोणाला मलम देत नाही ना?’’

नाही देत, बाई.