दोन दिवस, एक सॅक आणि आईचं मशीन

शुक्रवारी रात्री सॅक भरायची, शनिवारी पहाटे नागपूर सोडायचं, सोमवारी पुन्हा ऑफिस! वीकेंडचा हा फंडा आपल्या सगळ्यांचाच. फरक एवढाच, की माझ्या सॅकमधले कपडे मी आईच्या मशीनवर शिवलेले असतात.

सुरुवात अर्थातच फजितीने झाली. खादीचा पहिला कुर्ता मी कापड न भिजवताच कापला. मागावर ताणलेलं सूत पाणी लागलं की आकसतं, हे मला कुठे ठाऊक? पहिल्याच धुण्यात बाह्या कोपराकडे सरकल्या. आई एवढंच म्हणाली, "आधी पाणी, मग कात्री."

आता गणित सोपं आहे. दोन कुर्ते, दोन पँट, म्हणजे चार जोड्या. रंग मातकट आणि हिरवे, ताडोबा-पेंचच्या सफारीलाही चालणारे. जाड कापड प्रवासात अंगावर, बाकीचं गुंडाळून सॅकमध्ये. सोबत सुई-दोरा हवाच.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. संध्याकाळी गारवा असतो, म्हणून एक ओढणीही हवी. माझी तसरची आहे. आईच्या करवतकाठी साडीची. काठावर करवतीचे दाते असलेली ही विदर्भाची खास वीण. साडी वर्षानुवर्षं कपाटात पडून होती, पण कात्री लावायला माझा हात धजेना. शेवटी आईनेच खडूने रेघ मारली. "पडून राहण्यापेक्षा फिरू दे तिला," म्हणाली.

तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला आई थोडीशी सोबत असते. आणि हो, सॅकचं वजन तेवढंच!