चातुर्मासात उभी गाडी आणि तिची बॅटरी

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसला की अनेक जैन घरांत वाहनांचा वापर आपोआप मंदावतो. कोणी अष्टमी-चतुर्दशीला वाहनत्याग करतो, कोणी चार महिने गावाची वेस न ओलांडण्याचा नियम घेतो. पावसाळा सरल्यावर ४७ दिवसांच्या उपधान तपासाठी किंवा पालिताण्याच्या नव्वाणू यात्रेसाठी घराला कुलूप लागते. स्कूटर जिन्याखाली, मोटार अंगणात आणि दुकानामागचा जनरेटर आपल्या कोपऱ्यात उभा राहतो. परतल्यावर किल्ली फिरवावी, तर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मग घरात एकच प्रश्न उमटतो : गाडी वापरलीच नव्हती, तर बॅटरी गेली कशी?

वापर नाही म्हणजे झीज नाही, ही समजूत कापडाच्या ठाणाला किंवा पितळेच्या भांड्याला लागू पडेल, बॅटरीला नाही. दुकानाचे शटर बंद असले तरी भाडे थांबत नाही, तसाच बॅटरीतला व्यवहार आत चालूच असतो.

गाडीतील शिशाच्या बॅटरीची मूळ कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. सौम्य गंधकाम्लात शिशाच्या पट्ट्या बुडालेल्या असतात. वीज बाहेर पडते तेव्हा पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो. पुन्हा भारित केले की तो विरघळतो. मात्र बॅटरी रिकामी होऊन आठवडे पडून राहिली की त्या थराचे स्फटिक मोठे व कठीण होतात. मग रात्रभर चार्जर लावूनही ते दाद देत नाहीत. बहुतेक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या अशा उपासमारीने मेलेल्या असतात. उष्णता या ऱ्हासाला वेग देते : तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की बॅटरीची आपोआप रिकामे होण्याची गती जवळपास दुप्पट होते. पत्र्याच्या छपराखालची गाडी सावलीतल्या गाडीच्या आधी बसते, त्याचे कारण हेच.

मोटारीत आणखी एक गळती असते. घड्याळ, चोरघंटा, दूरनियंत्रित कुलूप ही मंडळी गाडी उभी असतानाही वीज घेत राहतात. हा खर्च ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतो. दिवसाकाठी क्षुल्लक वाटणारी ही रक्कम ४७ दिवसांत सुमारे ३४ अँपिअर-तासांवर जाते. आणि लहान मोटारीच्या बॅटरीची एकूण क्षमता बहुधा ३५ च्या आसपासच असते. उपधान पूर्ण होते, त्याच दिवशी बॅटरीचीही पुंजी संपलेली असते.

उपाय खर्चिक नाही. गाडी ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भारित करावी आणि तारा सोडवाव्यात. आधी ऋण बाजूची काळी, मग धन बाजूची. जोडताना क्रम उलटा. लाल तार आधी सोडवताना पाना गाडीच्या लोखंडी अंगाला टेकला तर मोठी ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. दूरनियंत्रित कुलपाच्या मोटारीत तारा सोडवण्याआधी साधी किल्ली हाताशी आहे ना, हे पाहावे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, असे जुनी माणसे सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याच्या बाबतीत ती भीती उरलेली नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा चार्जर लावणे पुरते. काही तास विश्रांतीनंतर मीटरवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या खाली गेली तर वाट पाहू नये. घरी राहिलेले दिवाणजी किंवा शेजारी आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात, तो उपकार बॅटरीला फारसा मानवत नाही. इंजिन उठवण्यात गेलेली वीजदेखील तेवढ्या वेळात नीट भरून येत नाही. गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवली तरच काही पदरात पडते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा प्रश्न मुख्यतः पाण्याचा. तिच्यात केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. चातुर्मासात उकळलेले पाणी पिणाऱ्या घरांत ‘हेही शुद्धच’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उकळल्याने वा गाळल्याने सर्व क्षार जात नाहीत आणि तेच क्षार पट्ट्या खराब करतात. भारित होताना ही बॅटरी हायड्रोजन वायू सोडते. त्यामुळे बंदिस्त खोलीत तिच्याशेजारी दिवा किंवा धूप ठेवणे धोक्याचे आहे. देवघराची जागा तिच्यापासून दूरच असावी.

विजेवरच्या स्कूटरची लिथियम बॅटरी मात्र उलट स्वभावाची. तिला काठोकाठ भरून ठेवणे मानवत नाही आणि पूर्ण रिकामे ठेवणे तर घातकच. साधारण निम्मी भरून, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि अधूनमधून पातळी पाहावी. कंपनीची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तिचे ऐकावे. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात बहुधा लहान बंदिस्त शिशाची बॅटरी असते, तिला मोटारीचाच नियम लागू. टॉर्च आणि रिमोटमधील सेल मात्र सरळ काढून ठेवावेत. ते पाझरले की उपकरणच जाते.

इतके करूनही बॅटरीचा शेवट येतोच, आणि खरी जबाबदारी तेव्हा सुरू होते. साधूंच्या पाच समितींत आदान-निक्षेप आणि उत्सर्ग या दोन आहेत : वस्तू घेताना-ठेवताना आणि टाकाऊ पदार्थ टाकताना जीवांना बाधा होणार नाही याची दक्षता. श्रावकासाठीही यतनेचा अर्थ यापासून फार दूर नाही. भंगारात दिलेली बॅटरी उघड्यावर फोडली जाते, तेव्हा तिचे आम्ल गटारात किंवा मातीत ओतले जाते. त्या जागी मुंगी-गांडूळ उरत नाही. शिशाची धूळ आसपास खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते. भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देत असेल, तर तो ते कशातून काढतो, हे विचारावे.