उत्पन्न, विषमता आणि एड्स

रोगराई प्रथम गरिबाच्या दारी येते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. क्षयरोगाबाबत ते पुष्कळसे खरेही आहे. एड्सच्या अभ्यासाकडे वळताना मी हीच समजूत घेऊन निघालो होतो. आकड्यांपुढे ती टिकली नाही.

आफ्रिकेतील बोट्सवाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत दरिद्री होता. पुढे तेथे हिरे सापडले. रस्ते झाले, शाळा झाल्या, दरडोई उत्पन्न वाढले. तरीही २००० च्या सुमारास तेथील प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा एचआयव्हीबाधित होता. केनियातील २००३ च्या पाहणीतही सर्वांत संपन्न कुटुंबांतील स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण सर्वांत गरीब स्त्रियांहून अधिक आढळले.

याचे कारण पैशात नव्हे, पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेवर शोधावे लागते. खाणी, शहरे, महामार्ग माणसाला महिनोन्महिने घरापासून दूर ठेवतात. शिवाय एकाच्या हाती रोकड आणि दुसरीच्या हाती काहीच नाही, अशा ठिकाणी तिला नकार देण्याची मुभा उरत नाही.

संसर्ग असा कमावत्यालाही गाठतो. मृत्यू मात्र निर्धनाला आधी गाठत असे. प्रभावी संयुक्त औषधोपचार १९९६ मध्ये हाती आला. बोट्सवानाने तो २००२ मध्ये मोफत देण्यास आरंभ केला, भारत सरकारने २००४ मध्ये. तोवर कोणी जगावे हे बहुतांशी खिशाने ठरवले.

म्हणून रुग्णाची मिळकत वा नीती मोजण्यापूर्वी, औषध त्याच्यापर्यंत पोहोचले काय, एवढेच आपण विचारावे.