गव्हाणीतला नाताळ आणि आखरावरचा पोळा

डिसेंबर अखेरीस शहरांतून अलीकडे एक नवी हौस दिसू लागली आहे. नाताळच्या दिवशी घरातल्या कुत्र्याच्या डोक्यावर तांबडी टोपी चढवावयाची, मांजराच्या गळ्यात चकचकीत फीत बांधावयाची, दोघांना दिव्यांच्या झाडाखाली बसवून छायाचित्र काढावयाचे आणि वर केकचा तुकडा भरवावयाचा. ही हौस आता ख्रिस्ती घरांपुरतीही राहिलेली नाही. मुक्या जीवाला आपल्या आनंदात सामील करून घेण्याची बुद्धी वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याला सामील करावयाचे, त्याच्या पदरात त्यातले काय पडते, हे कोणी तरी विचारावयास हवे. चॉकलेट आणि मनुका घातलेला केक माणसाला गोड लागतो. कुत्र्याला मात्र चॉकलेटमधले थिओब्रोमीन विषासारखे बाधते आणि मनुकांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. टोपी नको आहे, हे तर तो बिचारा मान झटकून दर वेळी सांगतच असतो.

वास्तविक नाताळच्या कथेत जनावरांना कोणी आमंत्रण देण्याचे कारणच नाही. तेथे यजमानपण त्यांच्याकडेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात नवजात बाळाला गव्हाणीत निजवल्याचा उल्लेख आहे. बैल आणि गाढव यांची नावे त्यात नाहीत. ती भाविकांनी मागाहून जोडली. पण गव्हाण आली की बैल आलाच, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी नाताळचा देखावा उभा केला, तेव्हा गवताने भरलेल्या गव्हाणीपाशी खरेखुरे बैल आणि गाढव आणून बांधले होते. त्यांचे चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी त्यांची एक इच्छा नोंदवून ठेवली आहे. नाताळच्या दिवशी बैल-गाढवांना भरपूर चारा मिळावा आणि पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकले जावे, असा हुकूम खुद्द सम्राटाने काढावा, असे त्यांना वाटे. नॉर्वेत आजही नाताळात धान्याची पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी उभी करतात. पोलंडच्या खेड्यांत सणाच्या रात्री घरात वाटली जाणारी पवित्र पापडी गोठ्यातल्या गुरांनाही देण्याचा प्रघात होता. या साऱ्यात जनावराला मिळते ते जनावराच्या उपयोगाचे: दाणा, वैरण, विसावा. त्याला माणसाचे सोंग घ्यावे लागत नाही.

हे भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला नवलाचे वाटू नये. त्याच्या घरचा पोळा याच जातीचा आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. धानाच्या बांधीत रोवणीपूर्वी जी चिखलणी होते, तिच्यासारखे कष्टाचे काम बैलाच्या वाट्याला वर्षभरात दुसरे येत नाही. गुडघाभर चिखलातून पाय उपसत, वरून पाऊस झेलत, आषाढ-श्रावणात जोडी दिवसचे दिवस ओढत राहते. ओल्या कातड्यावर जू घासून खांदा सुजतो, कधी सोलवटून निघतो. रोवणी आटोपत येते आणि श्रावणी अमावस्या उजाडते. पोळा त्याच दिवशी का, याचे उत्तर पंचांगाइतकेच बांधीतही सापडते.

आदल्या संध्याकाळी बैल धुऊन आणतात आणि हळद-तूप लावून, पळसाच्या पानांनी त्यांची खांद शेकतात. सणाच्या सगळ्या थाटात हा विधी सर्वांत साधा, आणि महत्त्व कशाला द्यावयाचे तर यालाच. झूल, बेगड, घुंगरमाळा, बाशिंग हा शृंगार झाला. खांद शेकणे हा उपचार आहे. वर्षभर जेथे जू टेकले, नेमक्या त्याच जागी माणसाचा हात फिरतो. मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण बैलाला दिले जाते. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या रंगतात, तोरण तुटते, आणि घरोघरी बैलांची पूजा होऊन पुरणपोळीचा नैवेद्य त्यांना चारला जातो. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात हाच मान गायींना आणि त्या राखणाऱ्या गोवाऱ्यांना मिळतो.

म्हणून आपला सण सर्वतोपरी निर्दोष, असे मानण्याचे मात्र कारण नाही. एरवी तणीस चघळणाऱ्या बैलाच्या पोटात एकाएकी पुरण आणि कणीक ओतली, तर पोटात आम्ल वाढून तो अत्यवस्थ होतो. पोळ्याच्या सुमारास पशुवैद्य हे दर वर्षी बजावतात. हिंगुळाच्या जागी शिंगांना तैलरंग आला, हलगी-डफड्याच्या जागी कानठळ्या बसवणारे कर्णे आले. केक भरवणाऱ्या शहरी हौसेला हसणाऱ्याने आपल्या गोठ्यात एकदा डोकावून पाहावे, हे बरे.

खरा पेच मात्र याहून खोल आहे. चिखलणीला आता ट्रॅक्टर उतरतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशापैकी नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच काळात माद्यांची १८ टक्क्यांनी वाढली. दूध देणारी राहिली, ओढणारा गेला. पोळा मात्र ओसरलेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत हिंडतात, शाळांतून आणि चौकांतून सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. मुलांचा आनंद खराच आहे आणि तो हिरावून घेण्यात अर्थ नाही. पण लाकडाच्या बैलाचा खांदा सुजत नाही, आणि शेकण्याची आठवण जाऊन सजवण्याची तेवढी उरली, तर तांबडी टोपी आणि बेगड यांत फरक तो काय राहिला?

२०२३ साली लम्पी रोगाच्या भीतीने राज्यातल्या काही जिल्ह्यांत बैल एकत्र आणण्यास मनाई झाली आणि पोळा ज्याच्या त्याच्या गोठ्यात साजरा झाला. हिरमुसली ती माणसे. बैलांचे काही अडले असेल, असे वाटत नाही. खांद शेकायला आखर लागत नाही. उलट ज्या वर्षी साथ नसेल, त्या वर्षी गावचे सारे बैल एका जागी जमण्याचा हा दिवस पशुवैद्यकीय तपासणीलाही सोयीचा ठरेल. बक्षीस द्यावयाचेच, तर झुलीपेक्षा खांदा, खूर आणि दात पाहून द्यावे. तान्ह्या पोळ्यात गुरुजींनी मुलांना नंदीच्या रंगाबरोबर आपल्या गावात खरे बैल किती उरले, हेही मोजावयास लावावे.

आणि थकलेल्या बैलाचे काय? गायींना १९७६ च्या कायद्याने दिलेले संरक्षण २०१५ पासून बैलांनाही लागू झाले. कत्तलीची वाट बंद झाली. पण कामातून गेलेल्या बैलाचा चारा कोणी आणि कशातून पुरवावयाचा, ही जबाबदारी धान पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याच्याच माथी राहिली. यंत्राने कापणी वाढली, तसे जपून रचलेले तणसाचे ढीगही अनेक घरांपुढून दिसेनासे होत आहेत. दहा-बारा पोळे पाहिलेला असा एखादा बैल सणाच्या दिवशी झूल पांघरून तोरणाखाली उभा असतो. झूल उतरवून त्याला कोठ्यात बांधले की गव्हाणीत काय पडते, ते बेगड झडून गेल्यावर, भाद्रपदात आणि पुढे उन्हाळ्यात जाऊन पाहावयास हवे.